औषधाले कायचा विटाळ

पुंडलिकभाऊ माणसाची ओळख हातांवरून करून घेत. नाव, गाव, घराणं हे सगळं नंतर. अमरावतीच्या त्या छापखान्यात मी पहिल्या दिवशी गेलो तेव्हा मालकांनी, म्हणजे वकीलसाहेबांनी, मला त्यांच्या हवाली केलं. भाऊंनी मला खालीवर न बघता एवढंच म्हटलं, "हात दाखव."

मला वाटलं, भविष्य बघणार. घर सोडून आठ दिवस झाले होते, भविष्याची काळजी होतीच. मी उजवा हात पुढे केला.

"दोनी."

दोन्ही केले. त्यांनी ते उलटे केले, नखं पाहिली आणि सोडून दिले. "नखं काढून ये. इथं नखं वाढवाची नाई. नखात जे बसते, थे पोटात जाते."

शाळा मी सातवीत सोडली होती. सोडण्याची कारणं पुष्कळ, त्यातलं एक म्हणजे रोज सकाळी नखं तपासणारे मास्तर. त्यांच्यापासून जितकं लांब जाता येईल तितकं लांब म्हणून मी राजापुराहून निघालो, बोट झाली, गाडी झाली, बडनेऱ्याला दुसरी गाडी झाली, आणि अमरावतीत पहिल्याच दिवशी नखं कापायला खोलीवर परत गेलो.

हा सुमार छपन्न-सत्तावन्न सालचा. छापखान्यात मी खिळे जुळवायला शिकू लागलो. आता हे समजावून सांगावं लागतं. अक्षर म्हणजे तेव्हा शिशाचा एक बारीक खिळा असे. तो लाकडी केसच्या खणातून उचलायचा, डाव्या हातातल्या पट्टीत लावायचा, ओळीखाली ओळ रचायची. छापून झालं की तेच खिळे सुटे करून पुन्हा आपापल्या खणात टाकायचे. लग्नपत्रिका असो की कोर्टाची नोटीस, सगळ्यांची अक्षरं तीच. दिवसभरात शिसं किती हजार वेळा बोटांना लागे कोण जाणे. संध्याकाळी बोटांची टोकं पेन्सिलीने रंगवल्यासारखी चकाकत.

भाऊ तिवश्याकडचे, शेतकऱ्याच्या घरचे. चौथा मुलगा, आणि जमिनीचे तीनच तुकडे होण्यासारखे. "भावाइले औत आलं, मले अक्षर आलं," असं ते म्हणत. अंगाने उभे-आडवे, खांदे नांगरटीचे, आणि काम असं बारीक की दाण्याएवढा स्वल्पविराम दोन बोटांत धरून योग्य जागी ठेवावा. चूक सापडली तर ओरडत नसत. केसवर बोटाने टकटक करत, आडवा पडलेला खिळा दाखवत आणि म्हणत, "पाय लेका, इथं कोन झोपलं?"

त्यांचं ओरडणं सगळं हातांसाठी राखलेलं होतं. जेवणाची सुट्टी झाली की भाऊ धरून आम्ही पाच जुळारी मागच्या विहिरीपाशी ओळीने उभे राहत असू. आधी राखेने हात, मग रिठ्याच्या पाण्याने, मग साबणाने. तीन वेळा. मग भाऊ एकेकाची बोटं नाकाशी नेऊन हुंगत. शिशाला वास असतो असं त्यांचं मत होतं. मला तो कधी आला नाही, पण मला शाळेतही पुष्कळ गोष्टी आल्या नव्हत्या, म्हणून मी गप्प राही. डबे विहिरीपलीकडच्या पडवीत. जुळणीच्या खोलीत अन्नाचा कण चालत नसे.

एकदा परतवाड्याचे एक लाकडाचे व्यापारी मुलाच्या पत्रिका न्यायला आले. खुशीत होते. पेढ्यांचा पुडा सोडून थेट केसवर ठेवला. भाऊंनी तो दोन्ही हातांनी उचलला, व्यापाऱ्यांच्या हातात परत दिला आणि त्यांना बाहेर पडवीत नेलं.

"काहून जी, आमचे पेढे बाटले काय?" व्यापारी चिडले.

"पेढे नाई बाटले शेठजी. आमी बाटलो." आणि मग त्या एवढ्या मोठ्या माणसाला त्यांनी विहिरीवर उभं करून राख दिली, कारण त्याने केसच्या कडेला हात टेकला होता. व्यापारी हात धूत होते आणि वकीलसाहेब खिडकीतून कपाळाला हात लावून बघत होते.

हे सगळं कशासाठी, ते भाऊंनी मला पहिल्या आठवड्यात एकदाच सांगितलं. त्यांना हे काम शिकवणारे एक उस्ताद होते. उस्तादांच्या हिरड्या काळ्या पडल्या, मग पोटात मुरडा बसला, मग दोन्ही पंजे मनगटातून खाली पडले. शेवटी बायको जेवू घालायची. "साप चावला त मानूस बोंबलते तरी," भाऊ म्हणाले. "हे चावत नाई. खिळ्यातलं इख मुंगीच्या पायानं येते, आन येऊन राह्यते."

हे ऐकून मी घाबरलो असेन असं वाचकाला वाटेल. मी घाबरलो नाही. माझ्याकडे घाबरायला त्याहून महत्त्वाच्या गोष्टी होत्या. वऱ्हाडातलं पाणी मला बाधणार अशी माझी खात्री होती, म्हणून मी ते उकळून, दुपदरी धोतरातून गाळून पीत असे. विंचवांसाठी खाटेचे चारी पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवले होते. ठेचा खाल्ला तर आतडं जळतं असं मामाने सांगितलं होतं, म्हणून खाणावळीत ठेच्याच्या वाटीकडे पाठ करून बसे. घरून कोकमं मागवून घेई. आणि एवढी सगळी तटबंदी करून झाल्यावर, हा शूर माणूस कागदाच्या गठ्ठ्यांमागे जाऊन, शिशाने काळ्या झालेल्या अंगठ्याने, शिशाने काळ्या झालेल्या तळहातावर चुना-तंबाखू मळून ओठात धरत असे. तंबाखू हे काही अन्न नव्हे. शिवाय ते चोरून चाललेलं, आणि चोरीच्या गोष्टीला नियम कसला लावायचा?

भाऊंना तंबाखूचा पत्ता नव्हता. त्यांचं लक्ष आमच्या औषधावर होतं.

औषध म्हणजे गूळ. उस्तादांनीच सांगितलेलं. गूळ पोटातलं शिसं ओढून बाहेर नेतो, पाटाचं पाणी जसा गाळ नेतं तसा. भाऊंच्या केसच्या कोपऱ्यात एक डबा असे, त्यात त्यांच्या भावांच्या शेतातला पिवळाधमक गूळ. सकाळी दोनदा, दुपारी दोनदा ते हातातली पट्टी खाली ठेवत, ढेपेचे खडे मोडत आणि आम्हा चौघांच्या केसपाशी येऊन एकेकाच्या हातावर ठेवत. कुणी नको म्हटलं तर खाईपर्यंत उभे राहत. मला जरा मोठा खडा मिळे. "हे कोकनातलं बारकं झाड आहे," ते इतरांना सांगत, "याले खत जास्त लागते." मला हाकही ते "कोकन" अशीच मारत.

पहिल्यांदा गूळ हातावर आला तेव्हा मी विचारलं होतं, "भाऊ, हात धुऊन येऊ?"

ते हसले. "अबे, औषधाले कायचा विटाळ? एकादशीलेही औषध चालते."

आमचं घर भिक्षुकीचं. आजोबा सोवळ्यात बसून काढा घेत, उपासाला आसव घेत, आणि आईने कधी हुं की चूं केलं नाही. औषधाला विटाळ नसतो हे मला पाळण्यात असल्यापासून ठाऊक. मी खडा तोंडात टाकला आणि बोटंही चाटली, कारण गूळ खरोखर छान होता.

दोन वर्षं अशी गेली. मी बऱ्यापैकी जुळारी झालो. मग पोट दुखू लागलं.

साधं दुखणं नव्हे. बेंबीभोवती कुणी ओलं धोतर पिळावं तसं पीळ पडे, आणि कागदाच्या गठ्ठ्यावर पालथं पडून पोट दाबून धरलं की जरा बरं वाटे. चार-चार दिवस शौचाला होत नसे. तोंडाला सारखी कसनुशी गोडसर चव. जिना चढताना धाप लागे. मी कारणांची यादी केली. तुरीचं वरण, विहिरीचं पाणी, खाणावळवाल्या बाईंची नजर, आणि गेल्या आखाडात न फेडलेला एक नवस. वैद्याकडून हिंगाष्टक आणलं. आईला एक पत्र लिहिलं, त्यात माझी ट्रंक धाकट्याला द्यावी असं सुचवलं, आणि ते पत्र फार करुण झालं म्हणून स्वतःच रडलो.

एका दुपारी भाऊंनी मला गठ्ठ्यावर पालथा पाहिला. त्यांनी मला खिडकीपाशी नेलं. "ओठ वर कर."

मी केला. त्यांनी वाकून पाहिलं. मग खुंटीवरचा दाढीचा आरसा काढून माझ्यापुढे धरला. दातांच्या मुळाशी, हिरडीवर, एक निळसर काळी रेघ होती. मजकुराखाली आम्ही रूळ टाकतो तशी बारीक आणि सरळ.

"कोकन," भाऊ म्हणाले, आणि त्यांचा आवाज मी त्याआधी तसा ऐकला नव्हता, "तुह्या तोंडात रूळ पडला ना बे."

दुसऱ्या दिवशी ते मला घेऊन अकोल्याला निघाले. उस्तादांचं शेवटचं दुखणं बघणारे डॉक्टर आता अकोल्यात बसत. गाडीत त्यांनी माझी उलटतपासणी घेतली. नखं खातोस? खिळा ओठात धरतोस? मूर्तिजापूर येईपर्यंत मी टिकलो, मग तंबाखू कबूल केली. मला वाटलं, खिडकीबाहेर टाकतात. पण त्यांचा चेहरा उलट मोकळा झाला. "मंग ठीक," म्हणाले. "मंग थेच आहे. मी रातभर इचार करून राह्यलो, का आपलं कुठी चुकलं."

डॉक्टर म्हातारे, जाड चष्म्याचे, अगदी कमी बोलणारे. त्यांनी हिरडी पाहिली, पोट दाबलं, डोळ्याची पापणी ओढून रक्त पाहिलं. मग म्हणाले, "हात पुढे कर. पंजे वर उचल, गाडी थांबवतोस तसे." मी उचलले. बोटं थोडी थरथरत होती, पण पंजे उभे राहिले.

"पुंडलिक, तूही कर."

"मले काय झालं? मी याले घेऊन आलो."

"कर तर."

भाऊंनी हात पुढे केले. डावा पंजा उभा राहिला. उजवा राहिला नाही. मनगटापासून तो तसाच लोंबत होता आणि भाऊ त्याच्याकडे, दुसऱ्याचा असल्यासारखे, रागाने बघत होते.

या माणसाच्या शेजारच्या केसवर मी दोन वर्षं उभा होतो. माझ्या पोटातला प्रत्येक गुडगुडाट मी ऐकला होता, त्यावर पत्रं लिहिली होती. ते काही महिन्यांपासून मनगट केसच्या कडेला टेकवून काम करत होते, ते मात्र मला दिसलं नव्हतं.

"कधीपासून?" डॉक्टरांनी विचारलं.

"बैलाइचा पोया झाला तवापासून."

"हात धुतोस?"

"तीनदा."

"विडी? पान? तंबाखू?"

"नाई जी. इचारा याले."

"मग खोलीत खातोस काय?"

"काईच नाई. दानाही नाई."

मी जोरजोरात मान डोलावली. आणि भाऊंच्या बाजूने साक्ष पुरी व्हावी म्हणून, अगदी मदत करण्याच्या हेतूने म्हणालो, "फक्त गूळ. तोही औषध म्हणून. भाऊ स्वतः देतात सगळ्यांना."

माझ्या हातून अनेक चुका झाल्या आहेत, पण खरं बोलून एवढं वाईट मला कधी वाटलं नाही.

"देताना हात धुतोस?" डॉक्टरांनी विचारलं.

भाऊंनी तोंड उघडलं. "औषधाले..." एवढं म्हणाले. मग आपल्या बोटांकडे बघू लागले.

डॉक्टरांनी मग सावकाश सांगितलं. गूळ चिकट. बोटांवरचं सगळं शिसं तो आपल्या अंगाला लावून घेतो आणि पोटात नेतो. तिथून ते रक्तात जातं, रक्त फिकं होतं. आतड्याला पीळ पडतो. जो हात जास्त राबतो त्याच्या शिरा आधी थकतात. आणि उरलेलं हाडात जाऊन बसतं. "हाड बिचारं अडाणी," डॉक्टर म्हणाले. "त्याला चुना आणि शिसं यातला फरक कळत नाही. घरचं समजून आत घेतं."

भाऊंनी एकच विचारलं. "याचा हात पडन काय?"

"याचा नाही. आजपासून खिळ्याला शिवला नाही तर नाही."

"आन त्या तिघाइचा?"

"घेऊन ये त्यांना."

स्वतःच्या हाताचं त्यांनी विचारलं नाही. डॉक्टरांनीच सांगितलं की काम सोडलंस तर थोडा सुधारेल, पहिल्यासारखा होणार नाही. मला एक इंजेक्शन मिळालं आणि जुलाबाचं मीठ मिळालं. त्या मिठाबद्दल जास्त लिहीत नाही. परतीच्या गाडीत बोरगाव ते बडनेरा मी कुठे होतो हे भाऊंना ठाऊक, आणि दर स्टेशनाला दारावर टकटक करून "जिता आहेस ना बे?" विचारणारे तेच होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊंनी सगळ्यांना विहिरीपाशी बोलावलं. गुळाचा डबा उकिरड्यात उपडा केला. मग म्हणाले, "म्या तुमाले इख चारलं. रोज चारदा." एवढंच.

शामराव नावाचे आमच्यातले एक गमत्ये होते, ते म्हणाले, "गोड त होतं ना भाऊ." आम्ही हसलो. भाऊ हसले नाहीत. त्यांनी एकेकाचा ओठ वर करून पाहिला. दोघांच्या हिरडीवर पुसट रेघ होती. त्या दोघांना ते दुसऱ्याच दिवशी अकोल्याला घेऊन गेले.

मला त्यांनी परत खोलीत पाऊल टाकू दिलं नाही. वकीलसाहेबांशी भांडून त्यांनी माझ्यासाठी नवीनच काम काढलं. एसटीने गावोगाव हिंडायचं, छपाईची कामं आणायची. परतवाडा, बार्शीटाकळी, अकोला. ज्या माणसाला वऱ्हाडच्या पाण्याची भीती वाटे त्याला भाऊंनी वऱ्हाडातल्या प्रत्येक गावचं पाणी प्यायला लावलं, आणि मी वर्षभरात असा सुधारलो की आई मला ओळखेना. घरी गेलो तेव्हा सगळ्यांनी आता इथेच राहा म्हटलं, तरी मी अमरावतीला परत आलो. सातवीत शाळा सोडलेल्या माणसाला दोन ठिकाणी जगायला शिकवलं गेलं, त्यातलं एक ठिकाण घर होतं आणि दुसरं तो छापखाना.

भाऊंनी काम सोडलं आणि तिवश्याला गेले. हात थोडा सुधारला. दोर वळता येई, लोटा धरता येई, पंजा मात्र वर येत नसे. बरं न झालेलं निराळंच होतं, ते मला त्यांच्या बायकोने, वहिनींनी, सांगितलं. त्या बाजूने गेलो की मी उतरत असे. भाऊ शेतात होते. वहिनी ज्वारी पाखडत म्हणाल्या, "आता थे कोनालेच काई देत नाईत जी. प्रसाद असो का बोर असो, म्हनतात, घ्या तुमच्या हातानं. नातवाचं उष्टावन झालं. आज्यानं पयला घास द्यावा ना? हे गोठ्यात जाऊन बसले. पोरगी रडली. तुमचं आयकतीन त सांगा."

मी सांगायचं ठरवलं. संध्याकाळपर्यंत भाऊंबरोबर बसलो आणि कपाशीच्या भावाबद्दल बोललो. माझं धैर्य हे असं.

त्यांच्या धाकट्या मुलीचं लग्न तिवश्यातच झालं, साठ सालानंतर दोन-तीन वर्षांनी. मी बार्शीटाकळीहून धुळीने माखून पोचलो, तोवर पंगत बसली होती. जागा दिसली तिथे घाईने बसलो. बसल्यावर कळलं की ती व्याह्यांची पंगत आहे, आणि मी तिच्यात पहिल्याच पानावर आहे. उठावं तर व्याह्यांचा अपमान, बसावं तर माझा. मी मान खाली घालून पत्रावळीच्या काड्या मोजू लागलो.

त्या पंगतीला मुलीच्या बापाने आपल्या हाताने घास द्यायचा असतो. सगळे त्यासाठीच थांबले होते. बुंदीच्या लाडवांचं ताट घेऊन भाऊ मांडवाच्या खांबापाशी उभे होते, आणि येत नव्हते. पंगतीत कुजबूज सुरू झाली. मुलाचे काका, मिशांचे, माझ्या शेजारी होते. ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "पोरीच्या बापाले घास जड झाला काय?" खांबामागे वहिनींनी पदराचा बोळा तोंडात धरला होता.

भाऊ आले. पहिलं पान माझं.

"तू कायले बसला बे इथं?" ते अगदी हळू म्हणाले.

जन्मात ऐन वेळी मला कधीच काही सुचलं नाही. मी तोंड उघडलं. चांगलं मोठं, दाढा दिसतील इतकं.

भाऊ माझ्याकडे बघत राहिले. लाडू उजव्या हातात होता आणि पंजा खाली गेलेला होता. काका खाकरले. मी तसाच आ वासून बसलो होतो. माशी गेली असती तरी मिटलं नसतं. मग भाऊंनी डावा हात उजव्या मनगटाखाली घातला, टेकू दिला, आणि तो हात उचलून माझ्या तोंडापर्यंत आणला. अर्धा लाडू तोंडात गेला, अर्धा सदऱ्यावर. मी चावत होतो तोपर्यंत ते हलले नाहीत. गिळलं, तेव्हा पुढच्या पानाकडे वळले.

काकांनी घास घेतला, मिशा पुसल्या आणि म्हणाले, "डावा हात काहून लावता जी?"

"दोनी हातानं देऊन राह्यलो," भाऊ म्हणाले, "कमी पडाले नाई पायजे." आणि तिसऱ्या पानापाशी वाकले.